डबा बदलू का?

दसरा तोंडावर आला आणि ऑनलाइन दुकानांचे सेल लागले की माझ्या फोनवर एकच प्रश्न फिरून फिरून येतो. "भावा, डबा बदलू का?" खाली फोटो असतो. सगळ्या अँटेना वर करून उताण्या पडलेल्या खेकड्यासारखा काळा राउटर, शेजारी खोडलेली मूळ किंमत आणि 'आज रात्री बारापर्यंत'. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा 'हो' एवढंच ऐकायचं असतं. पैसे बाजूला काढलेले असतात, घरात चार दिवस कटकट होऊन गेलेली असते. धंद्यातल्या माणसानं मान डोलावली की बटण दाबायला मोकळे. मी उलट विचारतो, "आत्ताचा ठेवलाय कुठं?" यावर उत्तर लगेच येत नाही. बघून सांगतो म्हणतात. स्वतःच्या घरातला डबा नेमका कुठं आहे हे आठवायला लोकांना उठून बघावं लागतं.

मी कोल्हापुरात इंटरनेटच्या जोडण्या देतो आणि त्याहून जास्त वेळ त्या चालू ठेवण्यात घालवतो. सुरुवात केबल टीव्हीच्या काळ्या वायरी ओढण्यापासून झाली. मग गच्चीवरून गच्चीवर लॅन वायरी गेल्या, चार-पाच घरांमागं एक स्विच. वळवाच्या पावसात वीज कडाडली की रात्रीत अर्धी गल्ली बंद. सकाळी पिशवीत नवे स्विच भरून जिने चढायचे. फायबर आलं आणि ती दगदग संपली, कारण काचेच्या तारेतून वीज वाहत नाही. त्याबरोबर तक्रारीही बदलल्या. पूर्वी लोक म्हणायचे, नेट बंद पडलंय. आता म्हणतात, नेट हाय, पण आतल्या खोलीत येईना.

घरी गेलो की आधी राउटरकडं बघत नाही, पिशवीतला लॅपटॉप काढतो. जुनाच आहे, पण त्याला लॅनचं तोंड आहे. हल्लीच्या कित्येक चपट्या लॅपटॉपांना ते नसतं, म्हणून हा मोडीत काढलेला नाही. राउटरच्या पाठीत वायर खोचायची, घरातल्यांना पाच मिनिटं मोबाईलचं वायफाय बंद करायला सांगायचं (सगळ्यात जास्त वेळ यालाच लागतो) आणि वेग मोजायचा. वायरीवर पुरता वेग मिळाला, तर कंपनीचा आणि बाहेरच्या फायबरचा हिशेब चुकता झाला. तिथंच कमी मिळाला, तर आधी या बाजूला शोधायचं. फायबर सोफ्याच्या पायाखाली दबलंय का, कोपऱ्यात काटकोनात मुडपलंय का, हिरव्या टोकावर धूळ बसलीय का, पॉवर मीटर काय दाखवतो. उणे वीस-बावीस असेल तर झोप लागते. उणे सत्तावीसच्या आसपास गेलं की डबा धरसोड करायला लागतो आणि लाल दिवा लुकलुकतो. अशा वेळी पॅच कॉर्ड बदलायची, नाहीतर बाहेर जाऊन जोड पुन्हा मारायचा. नव्या राउटरचा इथं काही संबंध नाही, पण लोक तोच घेऊन ठेवतात, कारण घरात डोळ्यांना दिसणारी वस्तू तेवढीच असते.

वायरीवरचा एक आकडा मात्र मी लांबून ओळखतो. 94. ग्राहकानं 200 एमबीपीएसचा प्लॅन घेतलेला असतो, पैसेही त्याचेच भरतो, आणि कितीही वेळा मोजलं तरी 93, 94, फार तर 95. याचं कारण डब्याच्या मागच्या तोंडात असतं. स्वस्तातल्या राउटरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत 300, 1200 असले आकडे छापलेले असतात. ते हवेतले, तेही कागदावरचे. मागची तोंडं मात्र 100 चीच असतात, आणि पाकिटांवरच्या पत्त्याबित्त्याचा खर्च वजा जाऊन 100 च्या तोंडातून 94-95 च बाहेर पडतात. अशा घरात डबा बदलल्याशिवाय गत्यंतर नाही. नवा घेताना अँटेना मोजू नका, तोंडं 'गिगाबिट' आहेत का तेवढं वाचा, हे मी बजावून सांगतो.

पण 94 दिसलं की लगेच राउटरचा निकाल लावायचा नसतो. राजारामपुरीत एका दुकानाच्या वरच्या मजल्यावरचं घर. राउटर चांगला, गिगाबिटचा. तरी वायरीवर 94. घरातल्या मुलानं नवा राउटर कार्टमध्ये टाकूनच ठेवला होता. मी फायबरच्या डब्यापासून राउटरपर्यंत आलेली हातभर वायर उपसली आणि टोक खिडकीपाशी धरलं. लॅनच्या वायरीत आठ तारा असतात, चार जोड्या. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, शंभराला दोन पुरतात. उरलेल्या दोन जोड्यांतली एक तार नीट बसलेली नसली की दोन्हीकडची यंत्रं आपापसात ठरवून शंभरावर उतरतात आणि मालकाला काही कळवत नाहीत. इथं तपकिरी तार कनेक्टरच्या आत सुताएवढी आखूड राहिली होती; पितळी पातं तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. टोक कापलं, तारा बोटांनी सरळ करून लावल्या: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. कात्रीनं एका रेषेत छाटल्या, नवा कनेक्टर घालून पक्कड दाबली. आकडा 190 च्या वर गेला. मुलगा हिरमुसला. त्याला वेग हवा होता हे खरं, पण त्याहून तो राउटर हवा होता.

कनेक्टरचे पैसे काय घेणार? येण्याजाण्याचे घेतले. नवा डबा माझ्याकडून विकला गेला असता तर दुकानदाराकडून चार पैसे सुटले असते, हे लिहायला लाज कसली. या धंद्यात 'बदला' म्हणणाऱ्याला पैसे आहेत आणि 'राहू दे' म्हणणाऱ्याला नाहीत. त्यामुळं सल्ला विचारताना सांगणाऱ्याचा त्यात काय फायदा आहे हे ग्राहकानं जरूर बघावं; माझ्याबाबतीतही.

वायरीवर वेग पुरता, पण खोलीत येत नाही, अशी घरं सगळ्यात जास्त, आणि पेठांमध्ये तर विचारायला नको. शिवाजी पेठेतलं एक घर सांगतो. बाहेरची बाजू नवी, प्लॅस्टर केलेली. आतला निम्मा भाग जुन्या वाड्याचा. काळ्या दगडाच्या, मातीत बांधलेल्या भिंती, कोनाड्यात अख्खा हात कोपरापर्यंत आत जाईल इतक्या जाड. फोन घरच्या थोरल्यांनी केला होता, निवृत्त मास्तर. म्हणाले, डबा जुना झालाय, चांगल्यातला चांगला सांग. डबा दिवाणखान्यात, टीव्हीच्या पाठीमागं, काचेच्या कपाटाला टेकवलेला. कपाटात त्यांच्या वडिलांना कुस्तीत मिळालेली चांदीची गदा. मास्तर त्याच खोलीत बसतात, त्यांच्या मोबाईलवर सगळं व्यवस्थित चालतं. मग तक्रार कुणाची? चहा घेऊन सून आली तेव्हा कळलं. ती पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते, सगळ्यात आतल्या खोलीत, कारण बाहेर पाहुण्यारावळ्यांची ये-जा. मीटिंगमध्ये तिचा आवाज तुटतो. मीटिंग असली की ती लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसते, तिथपर्यंत रेंज येते म्हणून. हे मास्तरांना ठाऊक होतं, फक्त त्याचा संबंध डब्याच्या जागेशी त्यांनी लावला नव्हता.

डबा कुठं ठेवायचा हे घरात कुणी ठरवलेलं नसतं. वायर ज्या भिंतीतून आत आली तिथं तो राहतो. वायर कुठून आली? केबलच्या काळात टीव्ही जिथं होता तिथून. टीव्ही कुठं होता? घरातले थोरले जिथं बसतात तिथं. फायबर आलं तरी आम्ही जुन्याच भोकातून आत शिरलो, नवं भोक कोण पाडणार? म्हणजे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कुणीतरी क्रिकेटची मॅच बघण्यासाठी धरलेल्या जागेवरून आज सुनेची नोकरी चालते. आणि फोन करणारा तिसराच, ज्याला त्रास नाही तो. मी हल्ली घरात शिरलो की पहिल्यांदा हेच विचारतो: सगळ्यात जास्त वेळ कोण वापरतं, आणि कुठं बसून? उत्तर देणारा आणि फोन करणारा क्वचितच एक निघतो.

आता त्या भिंतीचं. राउटर दोन पट्ट्यांवर चालतात, 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ. 2.4 चा वेग कमी पण तो भिंतीतून बरा पार होतो. 5 चा वेग चांगला, पण भिंत लागली की त्याचा जीव जातो. दगडाची जाड भिंत, स्लॅबमधली सळई, लोखंडी कपाट, आरसा, पाण्याची टाकी, पत्र्याचं छत, हे सगळे त्याचे वैरी. त्यात लोकांची समजूत अशी की मोठा राउटर म्हणजे लांबवर रेंज. राउटरनं किती ताकदीनं लहरी सोडायच्या याला सरकारनं मर्यादा घातलेली आहे, ती पाचशेच्या डब्याला आणि पाच हजारांच्या डब्याला सारखीच. आणि समजा राउटर पोचला, तरी मोबाईलला उलट उत्तर द्यावं लागतं. मोबाईल चिमुकल्या बॅटरीवर चालणारा, त्याची ताकद आणखी कमी. स्क्रीनवर वायफायच्या सगळ्या रेघा दिसतात आणि पान काही उघडत नाही, यामागं बऱ्याचदा हेच असतं. राउटरचं मोबाईलपर्यंत येतंय, मोबाईलचं राउटरपर्यंत जात नाही. राउटर बदलून मोबाईलची ताकद कशी वाढणार?

घराच्या आत लहरी भिंतींवर आपटून वेगवेगळ्या वेळी पोचतात आणि एकमेकींत मिसळतात, हा तर या तंत्राचा मूळचा दुखणेकरीपणा. त्यावर 1990 च्या दशकात तोडगा काढणाऱ्यांत ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतले जॉन ओसलिव्हन आणि त्यांचे सहकारी होते. ओसलिव्हन मूळचे रेडिओ खगोलशास्त्रातले, आकाशातून येणारे क्षीण संदेश निवडण्याची सवय झालेले. त्याच संस्थेत 1953 मध्ये गोविंद स्वरूप शिकायला गेले होते, ज्यांनी पुढं जुन्नर तालुक्यातल्या खोडदची मोठी रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, उभी केली. खोडदला दुर्बिणीच्या आवारात मोबाईल बंद ठेवायला लावतात, आणि इथं आम्ही दिवसभर रेंज वाढवत हिंडतो. एकाच शाळेतून निघालेल्या या दोन वाटा. कामाच्या गडबडीत याचा काही उपयोग नाही, पण मला ते आठवत राहतं.

मास्तरांच्या घरी उपाय सोपा होता. दिवाणखान्यातून आतल्या खोलीपर्यंत एक लॅन वायर न्यायची आणि तिथं दुसरा डबा लावायचा. दुसरा डबा विकतही घ्यावा लागत नाही; माळ्यावर टाकलेला जुना राउटर, त्यातलं पत्ते वाटण्याचं काम बंद करून, वायरीच्या टोकाला लावला की झालं. बिनवायरीचे एक्स्टेंडर मिळतात, पण एकाच पट्ट्यावर घ्यायचं आणि द्यायचं म्हटल्यावर साध्या एक्स्टेंडरचा वेग निम्म्यावर येतो. हे सगळं मास्तरांनी मान हलवत ऐकलं आणि म्हणाले, "ते सगळं खरं, पर भिंतीला भोक पाडायचं न्हाई. आज्ज्यानं बांधलेली भिंत हाय." राउटरवर चार हजार घालायला तयार असलेला माणूस अर्ध्या इंचाच्या भोकावर अडला. यात हसण्यासारखं काही नाही. नवा डबा घरात येतो तेव्हा घर आहे तसंच राहतं. वायर ओढायची तर घराला हात लावावा लागतो. शेवटी मी वर बघितलं. जुनी तक्तपोशी, तुळया शाबूत. तुळईच्या कडेनं वायर सरकवत नेली, दाराच्या चौकटीवरच्या फटीतून आत उतरवली. वायर तपकिरी मिळाली नाही; पांढरी दिसते म्हणून मास्तर अजून मला बोलतात.

सगळीकडं 'बदलू नका' म्हणतो असं नाही. ताराबाई पार्क, नागाळा पार्क, रुईकर कॉलनीतल्या अपार्टमेंटमध्ये गेलं की गणित उलटं होतं. भिंती पातळ, घरं ऐसपैस, वायरीवर वेग चोख, आणि संध्याकाळी आठनंतर सगळं रडायला लागतं. मोबाईलवर आजूबाजूचे राउटर मोजले तर यादी संपत नाही: वरचा, खालचा, समोरच्या विंगमधला, कुणाचा टीव्ही, कुणाचा प्रिंटर. 2.4 चा पट्टा आपल्याकडं 2005 पासून बिनपरवान्याचा आहे, त्यामुळं सगळेच तिथं. त्यात तेरा चॅनेल असले तरी एकमेकांना धक्का न लावता मावणारे तीनच, 1, 6 आणि 11. त्यावर पन्नास डबे बसले की प्रत्येकाला दुसऱ्याचं संपेपर्यंत थांबावं लागतं. भरीला मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात. 5 गिगाहर्ट्झमध्ये जागा भरपूर, आणि ऑक्टोबर 2018 मध्ये सरकारनं त्याचा आणखी मोठा भाग खुला केला. पण जोडणीबरोबर फुकट मिळालेला जुना डबा बहुतेक वेळा फक्त 2.4 चा असतो. अशा घरात मी दुसरं काही बघत नाही. डबा बदला, दोन्ही पट्ट्यांचा घ्या, दोन-अडीच हजारांत चांगला येतो. इथं 5 भिंतीतून जात नाही हा त्याचा दोष उपयोगाला येतो. शेजाऱ्याचा आपल्या घरात घुसत नाही.

दुकानदार मात्र अडीच हजारांवर थांबू देत नाही. वायफाय 6 घ्या, आता 7 आलंय. वायफाय 6 ची प्रमाणपत्रं 2019 मध्ये सुरू झाली, 7 ची जानेवारी 2024 मध्ये. घरात दहा-वीस उपकरणं एकदम लागलेली असतील तर 6 चा फायदा होतो, तो मी पाहिलाय, आणि नवा घ्यायचाच आहे तर आज 6 चा घ्यावा. पण 7 साठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजणाऱ्याला मी एक काम सांगतो: घरातले मोबाईल टेबलावर मांडा. बहुतेक जण अजून 5 वर असतात, एखादा 6 वर, आजीचा 4 वर. राउटर आणि मोबाईल, दोघांपैकी जो जुना, त्याच्या चालीनं दोघांना चालावं लागतं. शिवाय वायफाय 7 चं मोठं आकर्षण म्हणजे 6 गिगाहर्ट्झचा नवा पट्टा. तो आपल्याकडं खुला करायच्या नियमांचा मसुदाच मुळी मे 2025 मध्ये निघाला, तोही पट्ट्याच्या खालच्या भागापुरता. त्याआधी ज्यांनी हौसेनं असला डबा घेतला त्यांनी ज्या गोष्टीचे पैसे भरले ती वापरायची मुभाच नव्हती. गेमिंगवाल्या पोरांना हे पटत नाही. त्यांचं पालुपद एकच, पिंग वाढतंय. त्यांना मी वायर लावून देतो. वायरीवर पिंग उतरलं की पोरगं मान्य करतं, पण पुढच्या भेटीत वायर काढून टाकलेली असते. खोलीत वायर म्हणजे मागासलेपणा.

याच्या अगदी उलट गिऱ्हाईक म्हणजे ज्याला डबा बदलायचा नाही आणि ज्याचा बदलायला हवा. सगळं सुरळीत चाललेलं असतं. दहा-बारा वर्षांचा राउटर, प्लॅस्टिक पिवळं पडलेलं, त्याच्यासाठी कंपनीनं नवं सॉफ्टवेअर काढणं कधीच बंद केलेलं. आत शिरायचा पासवर्ड अजून 'अॅडमिन'. जुलै 2017 मध्ये आपल्या शेजारी, कर्नाटकात, बीएसएनएलच्या हजारो मॉडेमांना मालवेअरनं गाठलं होतं. ज्यांनी मूळचा पासवर्ड बदलला नव्हता ते सापडले. मे 2025 मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं इशारा दिला तोही असाच: कंपनीनं वाऱ्यावर सोडलेले जुने राउटर चोर ताब्यात घेतात आणि त्यांच्या आडून आपले उद्योग करतात. मालकाला काही कळत नाही, कारण त्याचं नेट चालूच असतं. हे मी ग्राहकांना सांगतो तेव्हा ते म्हणतात, "आमच्याकडं काय हाय चोरायला?" चोराला तुमच्याकडचं काही नकोय, त्याला तुमचा पत्ता हवाय; उद्या पोलीस आले तर ते तुमच्या दारात येतील. एवढं सांगूनही निम्मे जण बदलत नाहीत. चालू वस्तू टाकून द्यायची म्हणजे पाप, हा संस्कार कोल्हापुरात पक्का आहे, आणि एरवी मला तो आवडतोही.

डबा स्वतःहून किती टिकतो, हे मी पुरात शिकलो. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी 43 फूट. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021, दोन्ही वेळा पाणी 55 फुटांच्या पुढं गेलं. शाहूपुरीची कुंभार गल्ली, सुतारवाडा, व्हीनस कॉर्नर पाण्यात. पाणी ओसरल्यावर लोक चिखलानं भरलेले राउटर पिशवीतून घेऊन यायचे, चालू होईल का बघा म्हणून. काही झाले, खरंच. उघडून साध्या पाण्यानं धुवायचे, ब्रशनं गाळ काढायचा, स्पिरिट मारायचं आणि कडकडीत वाळेपर्यंत वीज दाखवायची नाही. घाईनं लावून बघितलेले तेवढे जळाले. अडॅप्टर मात्र एकही वाचला नाही. तेव्हापासून माझा एक नेम झाला: 'सारखा हँग होतो, बंद-चालू करावा लागतो' अशी तक्रार आली की आधी अडॅप्टर बदलून बघायचा. 12 व्होल्टचा अडॅप्टर जुना झाला की नुसता मोजला तर 12 दाखवतो, आणि डब्यावर भार आला की कोसळतो. दीड-दोनशे रुपयांच्या अडॅप्टरपायी चांगले राउटर भंगारात गेलेले मी पाहिलेत. नदीकाठच्या घरांत आता डबा खांद्याच्या वर, स्विचबोर्डाशेजारी ठोकून देतो. रेंजलाही ते बरं.

विजेवरून आठवलं. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसायला लागलं, सहा जिल्ह्यांसाठी. वकिलांच्या घरी आणि ऑफिसात ई-फायलिंग, ऑनलाइन सुनावणी यांची लगबग वाढली. अशाच एका वकीलबाईंचा फोन, सुनावणीच्या मध्येच स्क्रीन गेली, भारीतला राउटर सांगा. जाऊन बघितलं तर राउटरला काही झालेलं नव्हतं, लाईट गेली होती. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला आणि डबा बंद पडला. आमच्याकडचं यंत्र बॅटरीवर असतं, फायबरला मधे वीज लागत नाही. ग्राहकाच्या घरातला तेवढा एक प्लग सगळ्याला आडवा येतो. हजार-बाराशे रुपयांचा छोटा यूपीएस लावला, तो राउटरला दोनेक तास खेचतो. बाई म्हणाल्या, एवढंच? त्यांना वाटलं मी काहीतरी हातचं राखून ठेवतोय. महागाचा डबा सांगितला असता तर विश्वास बसला असता.

गिऱ्हाइकाला पटलं नाही म्हणून मी वाद घालत नाही. शाहूपुरीतल्या एका गुळाच्या अडत्यांनी मी नको म्हणत असताना आठ अँटेनांचा राउटर मागवला. तीन मजली घर, जुना डबा तळमजल्यावर गाद्यांच्या कपाटात. कपाटात का, तर दिवे लुकलुकतात म्हणून. मी नवा खोक्यातून काढला, पण कपाटात ठेवला नाही. जिन्याच्या कडेनं वायर वर नेऊन मधल्या मजल्याच्या माथ्यावर, उघड्यावर ठोकला. तिन्ही मजल्यांवर नेट खणखणीत. मालक गच्चीपर्यंत मोबाईल घेऊन चढले आणि वरून ओरडले, "बघितलंस? आठ काड्यांचा फरक हाय ह्यो! नाद खुळा!" मी हो म्हणालो. राउटरचे साडेपाच हजार त्यांनी एका शब्दानं कुरकुर न करता भरले होते. वायर ओढायच्या मजुरीत मात्र घासाघीस करून निम्मे पैसे कापले. वायरीनं काय हुतंय, म्हणाले.